भोंडवेकाका आणि सकाळचा तो आवाज

ज्या माणसाकडे मी लबाडी करायला गेले होते, तो माणूस काल गेला.

भोंडवेकाका. खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेले मेकॅनिक. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका वेळी एकच गाडी घ्यायचे.

चार वर्षांपूर्वी मी त्यांच्याकडे बाबांची गाडी घेऊन गेले. बाबांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं ते हिच्यावर. ते गेल्यावर कोथरूड ते हिंजवडी ऑफिसला मी हीच चालवायचे. चौदा वर्षांची झाली होती.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायचा. गॅरेजवाले स्कॅनर लावायचे, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा कोड यायचा. सेन्सर बदलायचे, कोड पुसायचे.

आठ दिवसांनी दिवा परत हजर.

मी दर वेळी सांगायचे, "सकाळी गाडी सुरू केली की टिक टिक आवाज येतो. जरा वेळाने जातो."

गॅरेजमध्ये तो आवाज कधीच यायचा नाही. सुपरवायझर माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याला, नीलेशला म्हणाला, "सर, मॅडमना भास होत असेल."

दुसरा सेन्सर बदलल्यावरही दिवा लागला, तेव्हा नीलेशने हात टेकले. "अगं, किती ओढशील? एक्सचेंजमध्ये देऊन टाकू."

शनिवारी गाडी बघायला माणूस येणार होता. मला गाडी द्यायची नव्हती. पण माझ्याच कानांवर माझा विश्वास उरला नव्हता.

म्हणून काकांना म्हटलं, "शनिवारपुरता हा दिवा तेवढा घालवून द्या."

"त्याला मेकॅनिक कशाला? काळी चिकटपट्टी लावा."

मी ओशाळले. काकांनी हात पुसले.

"गाडी कोण चालवतं?"

"मी."

"मग तुम्ही सांगा ना. काय होतं, कधी होतं?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी आवाजाचं सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "तुम्ही कोथरूडहून चालवत आणता, म्हणजे इथे येते ती तापलेली गाडी. उद्या सकाळी सहाला मी घरी येतो. आज घरी पोचलात की तोवर चावी लावायची नाही."

बरोबर सहाला आमच्या पार्किंगमध्ये स्कूटर. हातात फक्त एक रबरी नळी.

गाडी सुरू केली. टिक टिक टिक.

काकांनी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं इंजिनपाशी फिरवलं. एका जागी थांबले आणि नळी माझ्या हातात दिली.

"ऐका. हाच का?"

"हाच," मी म्हणाले आणि मला रडूच आलं.

धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी भागाला केसाएवढी भेग होती. थंड असताना उघडी. गरम झालं की लोखंड फुगून बंद. भेगेतून बाहेरची हवा आत जायची आणि सेन्सर बिचारा बोंबलायचा.

"सेन्सर खरं बोलत होता, ताई. हे लोक तक्रार करणाऱ्यालाच बदलत बसले."

नीलेश खाली आला होता. तोही नळी लावून ऐकून गेला. त्याने तिथेच शनिवारच्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं.

काकांनी तो भाग बदलला आणि मगच कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. टीममधलं कुणी म्हणालं, "मॅडम, कधीकधीच होतं, दाखवता येत नाही," तर मी विचारते, "कधी होतं? तेव्हा येऊन बसते." हे मला काकांनी शिकवलं. त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

आज सकाळी खडकीला त्यांच्या घरी जायला निघाले. सहाची वेळ, गाडी थंडगार. सुरू केली, बॉनेट उघडलं आणि उभी राहिले.

आवाज नाही.

काका, बाबांची गाडी अजून माझ्याकडेच आहे. तुमच्यामुळे.

मनापासून नमस्कार. भावपूर्ण श्रद्धांजली, भोंडवेकाका.