बिनलेसचे बूट

आमच्या गल्लीत बाबांना कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे त्यांना 'सव्वापाच' म्हणतात. समोरचा न्हावी तर तोंडावर म्हणतो, "काय सव्वापाच, आज किती वाजता उठलात?" आणि बाबाही चेहरा जराही न हलवता सांगतात, "सव्वापाच."

बाबा बूट शिवतात. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की आम्हाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. भिंतभर फळ्या, फळ्यांवर पायांचे लाकडी साचे आणि प्रत्येक साच्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. त्यावर नाव कमी आणि तक्रारच जास्त. 'उजवा अंगठा वाकडा.' 'डावी टाच जोरात आपटतो.' 'बाई सांगतात त्यापेक्षा पाय एक माप मोठा.' बाबा माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघतात, आधी तळव्याकडे. झिजलेला बूट हातात घेऊन त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, "तुमची कंबर दुखत असणार." तो माणूस तसाच थेट डॉक्टरकडे गेला होता.

आजोबा याच दुकानात, याच स्टुलावर बसून बूट शिवता शिवता गेले. वय बावन्न. हातातला बूट अर्धा शिवून झाला होता. तेव्हा वीस वर्षांच्या असलेल्या बाबांनी तो पूर्ण केला, गिऱ्हाइकाच्या घरी पोचवला आणि मग रडले, असं आत्या सांगते. डॉक्टर म्हणाले होते, बैठं काम, दुसरं काय. बस्स! त्या दिवसापासून बाबांनी बसण्याशीच वैर धरलं. सव्वापाचला उठायचं. कोमट पाणी प्यायचं. पाऊण तास चालायचं. घास बत्तीस वेळा चावायचा. ताटात वरून मीठ घ्यायचं नाही. जेवल्यावर शंभर पावलं आणि साडेनऊला दिवा बंद.

"अहो, निदान पाहुण्यांना तरी मोजून चावायला लावू नका," आई म्हणायची. "तुमचा तो मावसभाऊ जेवता जेवता झोपला काल."

"झोपला म्हणजे पचलं," बाबा म्हणायचे.

वर्षातून सात दिवस दुकानाला कुलूप लागायचं आणि आम्ही डोंगरातल्या तळ्याकाठच्या विश्रामगृहात जायचो. बाबा, आई, मी आणि आत्या. लोक सुट्टीत लोळायला जातात, आम्ही चालायला जायचो. पोचल्या पोचल्या बाबा कपाटाच्या दाराला आतून वेळापत्रक चिकटवायचे. आत्या ते मोठ्यानं वाचायची, अगदी बातम्या दिल्यासारखी.

"दादा, आपण सुट्टीवर आलोय की भरतीला?"

"तुझं पोट बघ आणि मग बोल."

"माझ्या पोटाला तू वेळापत्रकात कुठे ठेवलंयस तेच शोधतेय मी!"

पण त्या सात दिवसांत बाबा वेगळे असायचे. शीळ घालायचे. आईला "अगं, हे बघ, ते बघ" करत पक्षी दाखवायचे आणि त्यांची नावं सपशेल चुकीची सांगायचे. आम्हाला तेवढ्यासाठी ते वेळापत्रकही चालायचं.

रोज सकाळी तळ्याला वळसा घालून डोंगरावरच्या सपाट खडकापर्यंत जायचं, पंचावन्न मिनिटांत. वाटेत थांबायचं नाही. तहान लागली तर चालता चालता प्यायचं. पाय दुखले तर सवय होईल. थांबायला त्यांच्या लेखी एकच कारण मंजूर होतं. बुटाची लेस सुटली, तर सगळी पलटण जागच्या जागी उभी. "सुटलेली लेस म्हणजे मोडलेला पाय," बाबा म्हणायचे. त्यात त्यांच्या धंद्याचा मान होता.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा चढावर आईची लेस खरोखरच सुटली. बाबा पुढून परत आले, तिला दगडावर बसवलं, स्वतः गुडघ्यावर बसले आणि सावकाश, दोन्ही टोकं सारखी करून गाठ मारली. त्यांच्या डोक्यावरून आई तोंड उघडून श्वास घेत होती. मी समोर उभी होते. मला वाटलं, ती देखावा बघतेय.

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर ती माझ्या कानात म्हणाली, "बाय, माझी लेस ओढ ना जरा."

"का?"

"गंमत. तुझ्या बाबांना वाकायला लावू."

"तूच ओढ की!"

"मला वाकलं की अंधारी येते गं. ओढ पटकन, ते बघतील."

मी ओढली आणि हाक मारली, "बाबा, आईची लेस!" आई इतकी गोड हसली की तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. मी तिच्या डाव्या बाजूनं चालायची. "बघ गं, लेस सुटली वाटतं," असं ती म्हणाली की वाकून ओढायची. नुसतं खोटं बोलून भागणार नव्हतं, कारण बाबा जातीनं तपासायला यायचे. पहिल्या वर्षी दोनदा. पुढच्या वर्षी चारदा. मी पंधराची झाले तेव्हा एका चढणीत नऊ वेळा.

खेळ एवढा वाढत नाही, हे पंधराव्या वर्षी कळतं. मी तिला म्हटलं, "आई, बाबांना सांगूया? तुला दम लागतोय."

"वजन वाढलंय माझं, दुसरं काय. सांगितलं की उद्यापासून ताटातली भाकरी मोजतील."

"मग डॉक्टरकडे तरी चल."

"घरी गेल्यावर." मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "हे बघ, तो माणूस वर्षातून सात दिवस शीळ घालतो. ती बंद पाडायची नाही. शप्पथ?"

मी शपथ घेतली. घरी गेल्यावर दुकानाचा हंगाम सुरू झाला, माझी परीक्षा आली आणि डॉक्टरकडे जायचं राहून गेलं.

त्या सुट्टीत बाबांना मात्र वेगळाच घोर लागला होता. आपण शिवलेल्या बुटाची लेस नऊ वेळा सुटते म्हणजे काय! त्यांनी गुळगुळीत लेस बदलून सुती घातली. मग मेण लावलेली घातली. मला आणि आईला समोर बसवून दुहेरी गाठ शिकवली. मी दुहेरी गाठही सोडायला शिकले. विश्रामगृहाचा व्यवस्थापक जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाला, "काय साहेब, जगाला बूट घालता आणि बायकोची लेस बांधता येत नाही?" आत्या खो खो हसली. बाबाही हसले, पण त्यांचा घास बत्तीसच्या पुढे गेला.

पुढच्या सुट्टीत, पहिल्याच सकाळी, बाबांनी पिशवीतून एक खोकं काढलं. चार महिने रोज संध्याकाळी आम्ही घरी गेल्यावर दुकानात मागे थांबून ते काहीतरी शिवत होते. मऊ तपकिरी चामडं, आत लोकरीचं अस्तर, दोन्ही बाजूंना इलॅस्टिकच्या पट्ट्या. पाय सरकवला की झालं. त्यांना लेसच नव्हती.

"घाल बघू," बाबा म्हणाले. लग्नातल्या नवऱ्यासारखे लाजले होते. "आता एकदाही थांबायला नको!"

आईनं बूट घातले. माझ्याकडे पाहिलं नाही. "किती मऊ आहेत हो," म्हणाली आणि खोलीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या.

पहिल्या दिवशी ती एका झाडापाशी थांबली. "अहो, हे फूल बघा ना."

"परतताना बघू. परतताना ऊनही चांगलं पडतं."

दुसऱ्या दिवशी तिनं माझा हात धरला आणि चढ संपेपर्यंत सोडला नाही. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले. रात्री मी म्हटलं, "उद्या तू येऊ नकोस. डोकं दुखतंय म्हणून सांग."

"चार महिने शिवलेत त्यांनी," ती म्हणाली. "सात दिवस घालायला काय जातंय?"

तिसऱ्या दिवशी खडक दिसायला लागल्यावर ती खाली बसली. धडपडली नाही, पडली नाही. पायवाटेवर हात टेकून सावकाश बसली, भाजी निवडायला बसतात तशी. बाबा पुढून ओरडले, "काय झालं? बूट चावतोय का?"

"नाही हो," आई म्हणाली. "बूट छान आहेत."

त्यानंतर ती काही बोलली नाही. बाबांनी आणि एका वाटसरूनं तिला उचलून खाली आणलं. पायथ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा श्वास चालू होता. दुपारी तोही थांबला. मधल्या वेळात डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, थकलेल्या.

"हृदयाची झडप अरुंद झालीय. बरीच वर्षं असणार हे. चढताना दम लागायचा का त्यांना? मध्येच थांबावं लागायचं?"

"छे हो!" बाबा म्हणाले. "दरवर्षी आमच्याबरोबर वरपर्यंत चढायची. थांबली तर लेस बांधायला, तेवढंच."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात कागद होता आणि पेन उघडं होतं. मी फरशीकडे बघत राहिले. त्यांनी पेन बंद केलं.

बाबा घरी आल्यावरही सव्वापाचलाच उठत राहिले. कोमट पाणी, चालणं, शंभर पावलं, सगळं जसंच्या तसं. लोकांना वाटलं, सावरला माणूस. मला दुकानात बसून त्यांचं बोलणं ऐकावं लागायचं. गिऱ्हाईक हळहळलं की बाबा हातातली आरी खाली ठेवायचे. "काय सांगू, शेवटच्या दिवसापर्यंत चालली हो ती. नव्या बुटांत तर एकदासुद्धा थांबली नाही." हे ते अभिमानानं सांगायचे. तेवढा एकच आधार होता त्यांच्यापाशी. मी बुटांना पॉलिश करत असायची. घासून घासून चामडं गरम व्हायचं.

नऊ महिन्यांनी, एका दुपारी, त्यांनी आईचे जुने बूट काढले. कुणा गरजू बाईला द्यायचे म्हणून टाका बघायला घेतले होते. मी भिंतीपाशी चिठ्ठ्या बांधत होते. बराच वेळ आरीचा आवाज आला नाही, म्हणून मी वळले.

"इकडे ये," बाबा म्हणाले. "हे बघ."

त्यांनी लेस ओढून काढली होती आणि मांडीवर सरळ पसरली होती. मेणाची लेस. एक टोक पिवळसर आणि दुसरं काळं.

"आपोआप सुटणारी लेस गाठीपाशी झिजते. ही टोकाशी मळलीय. बोटांनी. आणि एकच टोक, बाहेरचं." त्यांनी दुसऱ्या बुटाची लेस तिच्या शेजारी ठेवली. ती दोन्हीकडे सारखी होती. "उजवीला काहीच नाही. नुसती डावी. तू तिच्या डाव्या बाजूला चालायचीस."

समोरचा न्हावी कुणाशी तरी मोठ्यानं हसत होता.

"तू ओढायचीस?"

"हो."

"तिनं सांगितलं म्हणून?"

"हो, बाबा."

"नऊ वेळा?"

मी मान हलवली. त्यांनी लेस बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मला वाटलं, ते विचारतील, मग मला का नाही सांगितलंस, डॉक्टरांपुढे गप्प का बसलीस. मी उत्तर तयार ठेवलं होतं, नऊ महिने रोज.

ते म्हणाले, "तू लहान होतीस."

"सोळा वर्षांची होते."

"तेच म्हणतोय."

फळीवर आईचा साचा होता. त्याच्या चिठ्ठीवर बाबांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. तिच्या पायात त्यांना कधी खोट सापडली नव्हती. ते तिकडेच बघत बोलले, "मला तोंडानं म्हणाली असती, दम लागलाय, थांबा. तर मी थांबलो नसतो का गं?"

ते खरंच विचारत होते. ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हती. त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

आई एकदा म्हणाली होती. मी दहाची असेन, लेसचा खेळ सुरू व्हायच्या आदल्या वर्षी. त्याच चढावर ती म्हणाली होती, "अहो, मला दम लागलाय, जरा बसूया का?" आणि बाबा न वळता म्हणाले होते, "बसलीस की संपलीस. चल, सवय होईल." आत्या हसली होती. आईसुद्धा हसली होती. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही.

"थांबला असतात, बाबा," मी म्हटलं. "नक्की थांबला असतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, झिजलेला तळ बघतात तसं, कुठे किती भार पडलाय ते जोखत.

"आईसारखंच बोलतेस," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून."

मी नाही म्हटलं नाही.