बेसुकीचा वास

तंबाखूच्या पानांचा ढीग लावून ठेवला की तो आतल्या आत आपोआप तापतो. किश्शांचंही तसंच होतं. लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेल्या माणसांकडे ते नुसते साचत गेले, आणि आता कुणी भेटलं की एकेक बाहेर पडतो.

मी नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात राहते आणि तिथून जवळच्याच एका सिगार कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळते. आयुष्यात एक झुरका घेतलेला नाही. पुण्यातली माझी आत्या लोकांना सांगते, "मुग्धा प्लँट-बेस्ड प्रॉडक्ट्समध्ये आहे." खोटं काहीच नाही त्यात.

आमच्या कंपनीत दुसरा मराठी माणूस म्हणजे सुहास. हा निपाणीचा, तंबाखूच्याच गावचा. पान हातात घेऊन, हुंगून, माल पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवणाऱ्या खात्यात तो आहे. त्याचा लाडका माल म्हणजे बेसुकी. जावा बेटाच्या पूर्वेकडचं काळपट, मऊ पान, सिगारला वरून गुंडाळायचं. त्याचे साहेब हेंक. इथे साहेबालाही नावानेच हाक मारतात. पण सुहासची आई मुलाला भेटायला आली आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकली. एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला एकेरी हाक या काकूंना काही सोसेना. त्यांनी 'हेंकराव' सुरू केलं आणि आमच्याही तोंडी तेच बसलं.

*

ऑफिस बंद झालं तशी बेसुकीची सँपल्स पोस्टाने घरी यायला लागली. हेंकराव आपल्या घरी हुंगणार, सुहास आपल्या घरी हुंगणार, आणि निकाल व्हिडिओ कॉलवर! पण पान प्रवासात सुकतं, हात लावला की तुटतं. त्याला वाफ लागते. म्हणून सुहासने बाथरूममध्ये दोरी बांधून पानं वाळत, म्हणजे ओली व्हायला, टाकली आणि गरम शॉवर सोडून दार लावून घेतलं.

काकू बाहेर टॉवेल घेऊन उभ्या. मी फोन केला तर म्हणाल्या, "थांब बाई, अजून पानांची अंघोळ चाललीय. मग माणसांची."

*

एकदा सुहास आणि काकू फिरायला गेले असताना पार्सल आलं. इथल्या रिवाजाप्रमाणे पोस्टमनने ते शेजारच्या बाईंकडे ठेवलं. संध्याकाळी त्या दारात आल्या, पार्सल लांब धरून. आत काय आहे ते वासावरून आपल्याला समजलंय, आपण काही बोलणार नाही, हा तुझा खाजगी प्रश्न आहे, असं त्यांनी फार समजूतदारपणे सांगितलं.

सुहासने घाईघाईने खुलासा केला, की ते गांजाबिंजा काही नाही, साधी तंबाखू आहे.

बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "तंबाखू? अरे, तब्येतीला फार वाईट असते ती."

*

काकूंना मिश्रीची सवय. निपाणीहून आणलेली पुडी संपली आणि दातांना चैन पडेना. सुहास मीटिंगमध्ये होता. काकूंनी दोरीवरची दोन पानं काढली, तव्यावर खरपूस भाजली आणि कुटून बाटलीत भरली. घरातला स्मोक अलार्म कोकलत होता आणि मीटिंगमधले सगळे सुहासला विचारत होते, घर पेटलंय का.

सुहासने लाजत खरं ते सांगितलं. हेंकराव खुर्चीत मागे रेलून हसले आणि मग त्यांनी गंभीरपणे काकूंचं मत विचारलं. काकू कॅमेऱ्यात वाकून म्हणाल्या, "दिसायला काळी कुळकुळीत हाय, पर अंगात जोर न्हाई." भाषांतर ऐकून हेंकरावांनी ते मान्य केलं.

*

मग सुहासला कोरोना झाला. ताप दोन दिवसांत उतरला, पण वास गेला तो गेलाच. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पॅरासिटामॉल घ्यायला आणि वाट बघायला सांगितलं. इथे पाय मोडला तरी आधी हेच सांगतात.

सुहासची मात्र पाचावर धारण बसली होती. हेंकराव रिटायर व्हायच्या बेतात होते आणि आपल्या जागी कुणाला बसवायचं हे तेच सांगणार होते. नाक नसलेल्या माणसाला त्या खुर्चीत कोण बसवेल? खुर्ची राहू दे, असलेली नोकरी गेली तर इथे राहायचं परमिटही जाणार. त्याने काकूंनाही काही सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं. मला त्याची फार काळजी वाटायची.

कॉलवर तो हेंकराव आधी काय म्हणतात याची वाट बघायचा. पण हल्ली हेंकराव म्हणायचे, "आधी तू सांग." उद्याचा साहेब तयार करत होते ना! मग सुहास आठवणीतलं काहीतरी ठोकून द्यायचा. कोको, ओलं लाकूड, जरासं मिरं.

"अगदी बरोबर," हेंकराव म्हणायचे.

*

वसंतात निर्बंध जरा सैल झाले आणि हेंकरावांनी कळवलं, की नवीन बेसुकी घेऊन मी तुझ्याच घरी येतो, समोरासमोर बसून हुंगू आणि मग मी तुझ्याबद्दल वर कळवतो. सुहासने आदल्या दिवशी मला फोन केला. म्हणाला, "अर्ध्या तासाने ये आणि काहीतरी अर्जंट काढून मला तिथून उठव. समोर बसून माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही."

मी सायकल काढली. सुहासचं घर गावाच्या कडेला, मागच्या बागेला लागून शेत. त्या दिवशी शेतकऱ्याने नेमका ट्रॅक्टर काढला होता आणि शेणामुताचं पातळ खत जमिनीत सोडत होता. दोन गल्ल्या अलीकडेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी घराच्या सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या आणि काचेतून मला बागेकडे बोट दाखवत होत्या.

बागेत, कुंपणाला अगदी खेटून, दीड मीटरचं अंतर ठेवून दोघं बसले होते. मध्ये कॉफी. दोघांच्या हातात बेसुकीचं एकेक पान, डोळे मिटलेले, पान नाकाशी. कुंपणापलीकडून ट्रॅक्टर गेला तरी कुणी हललं नाही.

"कोको," सुहास म्हणाला.

"कोको," हेंकराव म्हणाले. "आणि मागून थोडा मध."

काय अर्जंट काढायचं हे मी विसरूनच गेले. ओढणी नाकाशी धरून विचारलं, "अहो, या वासात तुम्ही बसलायत कसे?"

दोघांनीही डोळे उघडले आणि एकदमच विचारलं, "कसला वास?"

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ट्रॅक्टर वळून परत आला. हेंकरावांनी हातातलं पान हळूच टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "तुझा कधीपासून?"