आमच्या इवायांचं जपानी साल

आमच्या इवायांएवढा भांडकुदळ माणूस गोदावरीपासून बालाघाटाच्या डोंगरापर्यंत दुसरा झाला नाही, आणि एका सालात त्यांच्याएवढा सुधारलेला माणूसही कुणी पाहिला नसेल. पुस्तकात व्याही लिहितात हे मला ठाऊक आहे, पण आमच्याकडं इवाई म्हटल्याशिवाय ते नातं लागू होत नाही. मी चौथीतून शाळा सोडली, तरी माणूस वाचायला मला मास्तर लागत नाही. म्हणून ठामपणे सांगतो, की सुधारण्याआधी ते फक्त लग्नाकार्यात बेजार करायचे, सुधारल्यावर बारमाही करायला लागले. माझी लेक त्यांच्या घरात दिलेली. लग्नात त्यांना बांधलेला फेटा माझ्या फेट्याहून वीतभर आखूड आहे म्हणून ते मांडवातून उठून तेलगावच्या रस्त्याला लागले. मी बी काही कमी नाही, अक्षता पडल्या तरी आणायला गेलो नाही. ते आमरसात वेलदोडा कमी म्हणून रुसले, बारशाला टॉवेल पिवळा दिला म्हणून रुसले, आणि एका दिवाळीला तर रुसायला कारणच सापडेना म्हणून रुसले. असा तोलामोलाचा इवाई मिळायला नशीब लागतं. त्यांच्याशी भांडून घरी आलो की मला भाकर जास्त जायची.

मग ते दुष्काळाचं साल आलं. विहिरींनी तळ दाखवला, रानात हिरवं म्हणायला फक्त एसटीच्या थांब्यावरचा पत्रा उरला, आणि दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली. इवायांचा एक बैल होता, लाल कंधारी, नाव सरदार. वय झालेलं, खांद्याला जू सोसत नव्हतं, पण याला बाजार दाखवायचा नाही असं इवायांनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. सुनेला, लेकाला, इहीणबाईला कुणालाही ते बैलापाशी ठेवायला तयार नव्हते. स्वतःच छावणीत पाल ठोकून राहिले. ख्यालीखुशाली कळावी म्हणून जावयानं त्यांना आपला जुना फोन दिला. त्यात नातवंडांनी कसली कसली जपानी चित्रं भरून ठेवली होती. इवाई एका संध्याकाळी फोनची बॅटरी लावायला गेले आणि उजेडाऐवजी एक पोरगं बाहेर आलं. केस सुयांसारखे उभे, डोळे मोसंबीएवढे, हातात स्वतःपेक्षा लांब तलवार. त्या पोराचा बाप कुणीतरी मारला होता, आणि ते रडत होतं. रडत होतं म्हणजे आपण रडतो तसं नाही, डोळ्यांतून टँकरची तोटी सोडल्यासारखं. अख्ख्या तालुक्यात एवढं पाणी इवायांनी कैक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते बघतच बसले.

पंधरवड्यानं मी छावणीत गेलो तो मुद्दाम उकरून काढायला एक जुनं भांडण घेऊनच. पण मला बघताच इवाई उठले, हात मांड्यांना चिकटवले आणि कमरेतून पार खाली वाकले. मला वाटलं कंबर धरली. धरायला गेलो तर ताठ उभे राहिले. कपाळाला तांबडी पट्टी बांधलेली, ती इहीणबाईच्या लुगड्याच्या काठाची होती हे मी लगेच ओळखलं. मी म्हणालो, या वयात कार्टून बघता म्हणं.

"पाव्हणं, कार्टून म्हणू नगा. ॲनिमे म्हणा. कार्टून लेकरं बघत्यात."

"मग हे कुठं म्हाताऱ्याचं हाय?"

"लेकराचं आसतं तर मी रडलो कशाला आसतो?"

उकरून काढायला आणलेलं भांडण मी तसंच घरी परत नेलं. आजवर त्यांच्यापुढं असं कधी झालं नव्हतं.

पुढं तर रीतच बदलली. इवाई जेवायच्या आधी दोन्ही हात जोडून काहीतरी जपानी पुटपुटायचे आणि तुरीच्या दोन काटक्या तासून त्या काटक्यांनी भाकर खायचे. जपानी माणसाला भात असतो, तो काडीला चिकटतो. आपली ज्वारीची भाकर काही चिकटत नाही, ती उडते. शेजारच्या पालातली कोंबडी त्या सालात एवढी माजली, की तिच्या मालकिणीनं तिला इवायांची दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा बांधला. टँकर आला की ते दोन्ही हात पाठीमागं सोडून, मुंडकं पुढं काढून पळायचे, कारण त्या चित्रातली माणसं तशीच पळतात. पहिल्यांदा पळाले तेव्हा लोकांना वाटलं गांधीलमाश्या उठल्या. सगळी छावणी घागरी टाकून डोंगराकडं पळाली, आणि त्या दिवशी तेलगावच्या एका पाहुण्यानं एकट्यानं टँकरवर आंघोळ केली. कोणतंही काम करण्याआधी ते त्या कामाचं नाव मोठ्यानं पुकारायचे. साधी कडब्याची पेंढी उचलायची, तर आधी पाय फाकून उभं राहायचं, श्वास ओढायचा आणि "बालाघाटी वादळी तडाखा" असं ओरडायचं, मग पेंढी. त्या आवाजानं एका म्हशीनं दावं तोडलं आणि वडवणीच्या एसटीबरोबर बरंच अंतर काढलं.

बरं, शौक तरी साधा असावा. ते चित्र हिंदी आवाजातही मिळत होतं. इवायांनी एकदा हिंदीत बघून घेतलं आणि मग जाहीर केलं, की हिंदीत जीव नाही, बघायचं तर मूळ जपानीतच. मी विचारलं, जपानी तुम्हाला कळतं का. म्हणाले, "माणूस रडाय लागला की कळतं." आणि शेवट आधी सांगितलेला त्यांना खपत नसे. छावणीत कीर्तन ठेवलं होतं. महाराजांनी रामायण लावलं आणि बोलता बोलता म्हणाले, की शेवटी रावण मरतोच. इवाई उठून उभे राहिले. म्हणाले, महाराज, आता आमी बसून काय करायचं. महाराज बिचारे अंबाजोगाईहून आलेले, त्यांनी पुष्कळ ठिकाणी कीर्तन केलं असेल, पण रावण मरतो म्हणून माफी मागायची पाळी त्यांच्यावर आमच्याच मुलखात आली.

सरदाराला ते आता सेन्सेई म्हणायचे. सेन्सेई म्हणजे त्यांच्या चित्रात गुरुजी. आमच्या शाळेचे जुने गुरुजी स्वतःची म्हैस घेऊन त्याच छावणीत होते. त्यांनी अर्थ विचारला, इवायांनी भोळेपणानं सांगितला, आणि गुरुजींनी म्हैस पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. पण खरं सांगतो, तो बैल गुरुजीसारखाच लक्ष द्यायचा. इवाई दावणीपाशी बसले की तो मागून त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकायचा आणि दोघं मिळून बघायचे. चित्रात तलवारी निघाल्या की सरदार रवंथ करायचा थांबायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला खोटं वाटतं त्यानं वाटून घ्यावं.

मात्र इवायांनी त्या चित्रांतून एक कायदा उचलला होता, आणि त्यानं माझ्या सुखाचं वाटोळं केलं. म्हणे जपान्यांत नायकानं शत्रूला एकदम मारायचं नसतं. ऐन तलवार उगारली की गोष्ट थांबते, आणि तो शत्रू लहान असताना त्याचं काय झालं ते सगळं आधी दाखवतात. मग मारायचं. इवाई आता भांडणं तशीच करायला लागले. वैरणीच्या रांगेत कुणी मध्ये घुसला की हे बाह्या सरसावून पुढं व्हायचे आणि एकदम मऊ आवाजात विचारायचे, भाऊ, ल्हानपणी तुमचं काय झालतं. एवढा राकट गडी, पण हा सवाल त्याला जन्मात कुणी केलेला नसायचा. तो आधी शिवी द्यायचा, मग पालाच्या खुंटीपाशी बसून सांगायला लागायचा. भांडण तिथंच राहायचं. मी असल्या तीन भांडणांना मोठ्या आशेनं उभा राहिलो आणि तिन्ही वेळा लोकांची लहानपणं ऐकून घरी आलो.

अशात चेअरमन सरदारापाशी येऊन थांबला. चेअरमन म्हणजे दूध संस्थेचा, छावणी त्याच्याच हातात. मागच्या निवडणुकीत इवाई त्याच्या पॅनलविरुद्ध उभे राहून पडले होते, आणि तो ते विसरला नव्हता. म्हणाला, हे जनावर दुधाचं नाही, कामाचं नाही, येत्या बाजाराला काढा, मला जागा पाहिजे. घरी न्यावं तर घरी ना वैरण ना पाणी. म्हणजे बाजारच. आणि दुष्काळातल्या बाजारात म्हातारा बैल कोण कशाला घेतो हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. लेकीचा निरोप आला, की दादा, मामंजी कालपासून जेवले नाहीत, तुम्ही या. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, अंगात वारंही शिरलं. आता तरी भांडण होणार. मी वाट्याला आलेल्या टँकरच्या पाण्यात पटका धुतला. त्यावरून आमच्या घरातलं माणूस माझ्याशी पुढं पुष्कळ दिवस बोललं नाही. पण मळक्या पटक्यानं इवायाच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे इज्जत काय राहिली? काठी घेतली आणि निघालो.

चेअरमन कचेरीच्या पालाबाहेर खुर्चीवर बसला होता. इवाई आले. कपाळाला तांबडी पट्टी, चेहरा उपाशी, मागं दाव्याला सरदार. समोर येऊन पाय फाकले, हात पसरले, डोळे मिटले आणि "बालाघाटी वादळी तडाखा" म्हणून असे ओरडले की टँकरवाल्यानं काच वर केली. माणसं मागं सरली. मी काठी उचलली. आणि इवाई चेअरमनपुढं मातीत मांडी घालून बसले.

"चेअरमनसाहेब, ल्हानपणी तुमचं काय झालतं?"

"काय झालतं म्हंजी?"

"ज्याच्याशी लढायचं त्याचं ल्हानपण आधी ऐकाय लागतं. त्याबिगर हात उचलता येत न्हाई."

चेअरमननं आजूबाजूला पाहिलं, कोण हसतंय म्हणून. मी हसत होतो. माझ्याकडं बघून त्यानं डोळे वटारले, आणि खरं तर मलाच सांगितल्यासारखं म्हणाला, की काय व्हायचंय, ऊसतोडीला गेलं लहानपण. दिवाळी झाली की आई-बाप गाडी जुंपून कारखान्याला निघायचे, हा गाडीतल्या सामानात. थंडी मरणाची, पांघरूण एकच, ते बहिणीला. "मी बैलाच्या पोटाला चिकटून निजायचो. मला उठवू नये म्हणून तो कूस बदलत न्हवता." एवढं बोलून त्यानं सरदाराकडं पाहिलं, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं लई वेळ पुसला आणि आपल्या माणसाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ह्याला हितंच." मग इवायांवर खेकसला, "आन ते कपाळाचं फडकं सोडा आधी."

तिथं संपायला हवं होतं. पण चेअरमनला लहानपणाचं तोंड फुटलं ते मिटेना. दिवस कलला तरी तो पाचवीतच होता. टँकरवाला काच खाली करून उतरला आणि आपलं सांगायला बसला. त्याच्यामागं दोन बाया, मग गुरुजी. दुसऱ्या दिवसापासून छावणीत दोन रांगा लागायला लागल्या, एक वैरणीची आणि एक इवायांच्या पालापुढं, आणि दुसरी लांब असायची. माझा धुतलेला पटका फुकट गेला. मला सडकेपर्यंत सोडायला आले तेव्हा इवायांनी हळूच विचारलं, पाव्हणं, तुमचं? मी म्हणालो, आमच्यात ल्हानपण नसतं, आमी इवाई म्हणूनच जन्मलो.

पुढं पाऊस झाला, छावणी मोडली, सरदार आपल्या पायांनी घरी गेला. पोळ्याला इवायांनी त्याच्या शिंगांना बेगड लावली आणि पाठीवर झूल म्हणून त्या चित्रातल्यासारखा काळा झगा टाकला. गाव हसलं, सरदार मात्र झगा सांभाळत ऐटीत मिरवला. दिवाळीच्या सुमाराला तो बसला तो उठला नाही. आपल्या दावणीला, आपल्या माणसांत गेला. बाजार त्यानं पाहिला नाही.

माणूस गेल्यावर जातात तसा मी गेलो. चित्रातलं पोरगं मेलं तरी धाय मोकलणारे इवाई कोरड्या डोळ्यांनी गोठ्यात बसले होते. फोन शेजारी पालथा. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, की तुमच्या जपान्याचं काय झालं शेवटी.

"शेवटचा भाग तेवढा ऱ्हायलाय," ते म्हणाले. "सगळं साल दोघांनी मिळून बघितलंय. आता येकट्यानं बघावं व्हय?"

मी वर्षभर सगळ्या गावात सांगत फिरलो होतो, की मरेन पण ते चित्र बघणार नाही. मी शब्दाचा पक्का माणूस आहे. पटका काढून खुंटीला अडकवला आणि म्हणालो, सरका तिकडं.

"तुमाला मागचं काय ठावं हाय?"

"काईच न्हाई."

"मग पयल्यापासून लावावं लागंल."

"लावा की. मला कुठं जायचंय."

तेव्हापासून आठवड्याच्या बाजाराला निघालो की मी वडवणीला न उतरता पुढं इवायांकडंच जातो. अजून ते पोरगं लहानच आहे, बापाच्या नावानं रडतंय. इवाई मध्येच थांबवून मला कोण कुणाचा कोण ते समजावतात, मी मुद्दाम पुन्हा विचारतो, त्यात दिवस जातो. शेवटच्या भागाची दोघांनाही घाई नाही. गोठ्यातली ती जागा इवाई कुणाला सारवू देत नाहीत. पावसाळ्यात ओल्या मातीत उमटलेले सरदाराचे खूर तिथं वाळून तसेच राहिलेत. बसताना मी धोतर सावरतो आणि पाय जरा आखडून घेतो, त्यांवर पडू नयेत म्हणून.