रोशनीनं खोडलेले गोल

“नाना, हाऊ काया पट्टा कसाले?”

आबा नव्या मॉनिटरसमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. तापीकाठी केळीची शेती, नंदुरबारात शब्दाला वजन, आणि केलेलं काम चार लोकांना दाखवायची भारी हौस. मॉनिटर त्यांच्या सुरतच्या मेहुण्यांनी कॉलेजला भेट दिलेला. बत्तीस इंची, चांगला लांबरुंद. त्यावर आमच्या सिम्युलेटरचं चित्र मधोमध चौकोनी दिसत होतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे होते.

“आबा, चित्र जुनं शे, चौकोनी शे. काच लांब शे,” मी म्हणालो.

“काच आख्खी भेटनी ना आपले? मंग आख्खी भरा. आठ दिनमा पाव्हना येतीन. ते म्हनतीन, मॉनिटर बिघडेल शे.”

मी तीसेक वर्षं वैमानिकांच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सिम्युलेटरचं मेंटेनन्स पाहिलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरून न हलता विमान चालवायला शिकवणारं यंत्र. रिटायर होऊन गावी, रनाळ्याला परत आलो आणि महिनाभरात घरच्यांना नकोसा झालो. तेवढ्यात आबांनी बोलावलं. कॉलेजमध्ये एव्हिएशन लॅब काढायची होती. मोठ्या सेंटरमधली यंत्रं खोलीएवढी असतात. आमच्याकडे एक कॉम्प्युटर, एक स्टिअरिंग, दोन पेडल आणि जुना प्रोग्राम. गेल्या महिन्यात त्याचा चौकोनी मॉनिटर गेला, म्हणून हा नवा आला.

प्रोग्राममध्ये वरच्या अर्ध्या भागात विमानाबाहेरचं आकाश आणि जमीन दिसते. खालच्या अर्ध्या भागात पॅनेल. पॅनेल म्हणजे विमानाचा डॅशबोर्ड. त्यावर वेग, उंची, दिशा दाखवणारी गोल घड्याळं असतात, त्यांना आम्ही गेज म्हणतो. हे सगळं चौकोनी काचेच्या मापानं काढलेलं होतं. रुंद काचेवर नीट बसवायचं तर प्रत्येक गेजची जागा फाइलमध्ये जाऊन नव्यानं लिहावी लागते. किचकट काम आहे.

पण मॉनिटरच्या मेनूत एक सोपा ऑप्शनही असतो, ‘फुल’. मी तो दाबला. चित्र आडवं ताणलं गेलं, काळे पट्टे गेले.

“आते कसं झकास दिखस!” आबा म्हणाले आणि खुशीत निघून गेले.

गेज लांबट झालेत हे मला दिसत होतं. मनात म्हटलं, आकडे तर वाचता येतात ना. नोकरीत असताना माझ्या हाताखालच्या कुणी हे केलं असतं, तर मी त्याला लॅबबाहेर काढलं असतं.

आमच्याकडे शिकणारी मुलं सात. त्यातली रोशनी पावरा खरी तयारीची. धडगावच्या वरच्या डोंगरातली, बारावी सायन्स झालेली, मुलींच्या वसतिगृहात राहायची. घरी पावरी, आमच्याशी शाळेतली शुद्ध मराठी, आणि कॉम्प्युटरशी इंग्रजी. चौदा दिवसांनी तिची एका फ्लाइंग स्कूलमध्ये निवडचाचणी होती. शिष्यवृत्तीची जागा एकच. चाचणीतला मुख्य प्रकार असा, की बाहेर क्षितिजाकडे बघत विमान तीस अंशांत झुकवून पूर्ण गोल वळवायचं, आणि वळताना उंची सोडायची नाही. जुन्या मॉनिटरवर रोशनी हे वळण असं घ्यायची, की मी चहा पीत बघत बसायचो.

नव्या मॉनिटरवर पहिल्याच दिवशी तिनं वळणात दोनशे फूट उंची घालवली. दुसऱ्या दिवशी तीनशे.

“लक्ष कुठे आहे?” मी विचारलं.

“इथेच आहे, सर.”

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी चिडलो. माझा आवाज तसाही मोठा आहे. बाकीच्या मुलांसमोर मी तिला म्हणालो, “चाचणी जवळ आली की सगळं विसरायचं, असं ठरवलंयस का?” ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली.

पाचव्या दिवशी सकाळी ती लवकर आली. हातात गुंडाळलेला चार्ट पेपर होता. तो कागद माझ्या ओळखीचा. आमच्या धंद्यात जुनी पद्धत आहे, यंत्र मोकळं नसेल तेव्हा पायलट कागदावर काढलेल्या पॅनेलसमोर बसून सराव करतो. डोळे कुठल्या गेजवरून कुठे फिरवायचे, हात कुठे न्यायचा, सगळं कागदावर घोटायचं. मी मुलांना तसं करायला सांगितलं होतं. सहा जणांनी मान डोलावली होती, रोशनीनं कागद केला होता. वसतिगृहातली स्टीलची वाटी पालथी घालून तिनं सहा गेज काढले होते, अगदी गोल.

“सर, माझी चूक सापडली,” ती म्हणाली. चेहऱ्यावर रात्रीची झोप नव्हती, पण हसू होतं. “माझा कागदच चुकला होता. मी त्याच्यावर सराव करायचे ना, म्हणून गडबड होत होती. आता दुरुस्त केला.”

तिनं कागद टेबलावर पसरला. सहाही गोल खोडरबरनं खोडले होते. खोडलेल्या रेघा पुसट दिसत होत्या. त्यांच्यावर तिनं पट्टी लावून, मापं घेऊन, सहा लांबट अंडी काढली होती. स्क्रीनवर होती तश्शीच.

“वाटीनं काढले होते ना, म्हणून चुकले,” ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीनं काचेवर विश्वास ठेवला आणि आपला बरोबर असलेला कागद खोडला. आणि काच ताणली होती मी.

मी कंपासपेटीतला कोनमापक काढून स्क्रीनवर धरला. प्रोग्रामला तीस अंश झुकायला लावलं. बाहेरच्या क्षितिजाची रेघ मोजली. जेमतेम तेवीस अंश. चित्र आडवं ताणलं की तिरपी रेघही आडवी पडायला लागते, इतकं साधं गणित. रोशनीच्या डोळ्यांत जुन्या काचेवरचे तीस अंश पक्के बसलेले. क्षितिज तेवढं तिरपं दिसेपर्यंत ती विमान झुकवत राहायची, तोवर विमान सदतीस-अडतीस अंशांत गेलेलं असायचं. इतकं झुकलं की पंखांची उचल अपुरी पडते आणि विमान खाली येतं. तिचे डोळे बरोबर होते म्हणूनच ती चुकत होती.

मी हे तिला सगळं सांगितलं. तिनं कोनमापक स्वतः धरून पाहिला.

“म्हणजे मी विसरले नव्हते?”

“नाही. मी पट्टे घालवायला चित्र ताणलं. आणि वर तुलाच बोललो. चुकलो मी.”

तिनं कोनमापक परत पेटीत ठेवला. मग म्हणाली, “चार दिवस मला वाटत होतं, आपल्याला हे जमणारं काम नाही. घरी फोन करून तसं सांगणार होते.”

मी चित्र पुन्हा चौकोनी केलं. काळे पट्टे परत आले. रोशनी बसली आणि वळण घेतलं. पहिल्यात नव्वद फूट गेले, तिसऱ्यात चाळीस.

“आता माझा कागद?” तिनं विचारलं.

“वाटी आण,” मी म्हणालो. सहाही गोल मी काढून दिले.

आता आबांना सांगायचं होतं. पाहुणे तीन दिवसांवर आले होते. आबा पट्टे बघूनच तापले.

“आखो पट्टा? नाना, घरना टीव्ही भी मी असाच ताणीसन दखस. त्यामा बठा मानसे जाडा दिखतस. काय बिघडनं?”

“टीव्हीना मानूस जाडा दिखना तरी पडत नही, आबा. इमान पडस.”

मी त्यांना रोशनीचा कागद दाखवला. खोडलेल्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं. आबा हौशी आहेत, पण पोरांच्या बाबतीत मऊ.

“पोरना नुकसान नको,” ते म्हणाले. “पन पाव्हनास्ले काय सांगू? मन्हा मेव्हना येनार शे.”

मी वर पाहिलं. आमच्या लॅबमधल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात पंखा भेट देणाऱ्याच्या आईचं नाव आहे. पंखा बंद केला की वाचता येतं.

“आबा, तुमना मेव्हनास्नं नाव त्या पट्टास्ना जागावर लिखू का?”

आबांचा चेहरा असा उजळला, की हे पहिल्याच दिवशी का सुचलं नाही असं मला झालं.

पुढचे तीन दिवस मी फाइलमध्ये डोकं घालून बसलो. आकाश आणि जमीन न ताणता दोन्ही बाजूंना खरोखर रुंद केली, म्हणजे पायलटला डावी-उजवीकडचं जास्त दिसतं. सहा गेज मधोमधच ठेवले, गोल आणि जवळजवळ, कारण त्यांच्यावरून नजर झटक्यात फिरावी लागते. पॅनेलच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेत रेडिओची बटणं नेली. डावीकडे करड्या पट्टीवर मेहुण्यांचं नाव, ‘यांच्या सौजन्याने’. प्रत्येक गेजवर रोशनीची वाटी टेकवून पाहिली, सगळीकडून सारखी बसते ना. काळा पट्टा औषधालाही उरला नाही.

पाहुणे आले. मेहुणे नावासमोर उभे राहिले आणि सहा फोटो काढून घेतले. विमान कसं उडतं, हे कुणीच विचारलं नाही.

चाचणीच्या दिवशी दुपारी रोशनीचा फोन आला.

“सर, वळणात तीस फूट गेले फक्त. माझी निवड झाली.”

डोळे भरून आले, म्हणून मी कामाचंच काहीतरी विचारलं. “मॉनिटर कसला होता तिथे?”

“भलामोठा, सर. पण बसायच्या आधी मी बॅगेतून वाटी काढली आणि गेजवर लावून बघितली. तिथले सर म्हणाले, हे काय? मी म्हटलं, काच बरोबर आहे का बघते, मग माझं चुकलं तर माझं.”

“मग?”

“ते हसले. आणि बाकीच्या मॉनिटरवर लावून बघायला त्यांनीच वाटी ठेवून घेतली.”

वसतिगृहाच्या भांड्यांत एक वाटी कमी भरली तेव्हा कारण फक्त मला ठाऊक होतं. खांडबाऱ्याच्या बाजारातून तसलीच एक आणून मी तिथल्या स्वयंपाकाच्या मावशींना दिली, आणि एक लॅबच्या खणात ठेवली. नवीन स्क्रीन आली की आधी ती काचेला लावतो. पोरांना रागवायचं असेल तर त्यानंतर.