बालंक्याच्या कुशीवरचा डाग

मी दोनशे फोटोंवर भलत्याच जागी माझं नाव छापलं आणि मूळ फोटो पुसून टाकले. दोन्ही कामं एकाच बटणानं झाली. बटण दाबून मी समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो होतो.

फोटो एका देवणी वळूचे होते. चाकूरच्या पुढच्या एका गावात दुकान आणि शेती दोन्ही सांभाळणारे एक मामा आहेत, त्यांचा हा वळू. मामा नात्यातले नव्हेत. आमच्याकडं वयानं मोठा गिऱ्हाईक मामाच होतो. एका वळूचे दोनशे फोटो कशाला, असं विचारू नका. तो हलत नव्हता, म्हणून मला चेव आला.

देवणीत तोंडावर काळा तो वानेरा, अंगावर काळे ठिपके तो शेवरा आणि अख्खा पांढराशुभ्र तो बालंक्या. मामांचा बालंक्या. त्याची आई, आजी मामांच्याच गोठ्यातली, आणि कुणाच्या अंगावर एक ठिपका नाही. प्रदर्शनात त्याला बालंक्याच्या गटात उतरवायचं, एवढाच मामांचा ध्यास. त्यासाठी आधी फोटो पाठवायचे होते.

आता दोनशे फोटो एकेक उघडून नाव टाकायचं, लहान करायचे, कडा धारदार करायच्या, हे कोण करत बसणार? मी संगणकाला एका फोटोवर सगळं करून दाखवलं आणि म्हटलं, बाबा, उरलेल्यांवर तूच कर. दाखवायला घेतला मोबाइलवरचा एक चिमुकला फोटो. त्याच्या खालच्या कोपऱ्यात माझं, म्हणजे माझ्या स्टुडिओचं, नाव काळ्या अक्षरात टाकलं. संगणकानं कोपरा लक्षात ठेवलाच नाही. वरून इतकं, डावीकडून इतकं, असं माप धरलं. कॅमेऱ्याच्या मोठ्या फोटोवर ते माप बरोबर वळूच्या कुशीवर आलं. मग फोटो लहान झाला, नाव मुंगीएवढं झालं. मग धार चढली, मुंगी कोळशासारखी काळी झाली. आणि हे सगळं मूळ फोटोवरच सेव्ह झालं. कॅमेऱ्याचं कार्ड मी हुशारीनं आधीच मोकळं केलं होतं.

न बघताच मी दहा फोटो मामांना धाडले. मामांनी चष्म्याविना ते पशुपालकांच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात फोन.

"ओ फोटोवाले, बालंक्याचा शेवरा केलाव की माझ्या!"

"मामा, डाग न्हाई तो. माझं नाव हाय."

"तुमचं नाव माझ्या वळूच्या कुशीवर कशापाई?"

तोवर मुखेडच्या एकानं ग्रुपवर लिहिलं होतं, "बालंक्या म्हणून शेवरा खपवायलेत काय?" प्रदर्शनवालेही त्याच ग्रुपवर होते, त्यांनी कळवलं: उद्या दुपारपर्यंत स्वच्छ फोटो द्या, नाहीतर शेवऱ्यात घालतो.

सकाळी कॅमेरा, लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवर गाव गाठलं. वळूला दोन दिवसांत दुसरी आंघोळ घालणं चालू होतं आणि त्याला ते मुळीच पसंत नव्हतं. शिंगांना पुन्हा तेल लागलं. अर्धं गाव जमलं होतं. एका म्हाताऱ्यानं बोट थुंकीनं ओलं केलं, वळूची कूस घासली, बोट उन्हात धरून पाहिलं आणि जाहीर केलं, "पक्का रंग हाय!" सगळे खदाखदा हसले. वळूनं शेपटीचा एक फटका काढला. तो मात्र मलाच बसला.

या वेळी मोजून बारा फोटो काढले. ओसरीवर बसून एकेक हातानं लहान केला, जपून धार दिली. नाव टाकलंच नाही. मामांनी चष्मा लावून प्रत्येक फोटो नाकाशी धरून तपासला, मगच पाठवू दिला. मामींनी केलेला मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन होईस्तोवर उत्तर आलं: बालंक्याच्या गटात नोंद झाली. मामांनी ते वळूला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि पोरांनी असा काही दंगा केला की वळू दावं ताणून उभा राहिला.

त्या आनंदात मलाही भरतं आलं. सुशीला वाढणाऱ्या मामींना म्हटलं, "मामी, चूक मशीनची झाली. आता गेलो की तिला नीट शिकवतो."

मामींनी माझ्या ताटलीत आणखी एक डाव टाकला.

"मशीन शहाणी हाय ओ. सांगितलं तेवढं केलं तिनं. खुर्चीवरचं डोकं तेवढं बदला."