ब्रेकबाईंचं तिसरं बाळंतपण

मोटार शिकवणाऱ्याला पगार शिकवण्याचा मिळतो. रागवावं लागतं ते फुकट. ब्रेकबाई हे फुकटचं काम वर्षानुवर्षं मन लावून करत होत्या. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई तो अशा तडफेने दाबत, की शिकणाऱ्याचं कपाळ पुढे आणि पोटातलं पाणी मागे जाई. त्यावरून हे नाव पडलं आणि घरापर्यंत पोचलं. सासूबाईंचा पारा चढला की त्याही म्हणत, "आल्या आमच्या ब्रेकबाई!"

सध्या बाईंना आठवा महिना लागला होता. सीट मागे सरकवत सरकवत आता पाय ब्रेकपर्यंत जेमतेम पोचत होता. पण खरा ताप पायाला नव्हता, डोक्याला होता. आधीची दोन्ही मुलं सिझर करून झालेली. आता तिसऱ्याच्या वेळी पुन्हा पोट कापायचं, की कळा येऊ द्यायच्या? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दोन्ही वाटांचा विचार करता येईल. घरी बोला, पुढच्या भेटीला ठरवून या."

डॉक्टर मंडळी "घरी बोला" असं किती सहज म्हणतात! त्यांनी ती घरं पाहिलेली नसतात.

सासूबाईंनी पाच मुलांना जन्म दिला होता आणि त्या पाचही बाळंतपणांचा इतिहास त्या येताजाता सांगत. "सकाळी धुणं वाळत घातलं, दुपारी थोरला झाला, संध्याकाळी तेच धुणं मीच काढून आणलं. काही कापाकापी नाही, काही नाही. हल्ली कळ म्हटली की तुम्हाला चक्कर!"

"आणि आतला जुना वण फाटला तर?" बाई कडाडल्या. "तुम्ही सुईदोरा घेऊन बसणार आहात का?"

तासाभराने आईचा फोन. "हे बघ, सरळ तारीख घे आणि मोकळी हो. उगाच धाडस नको."

"दर वेळी उघडायला माझं पोट म्हणजे काय पर्स आहे?" बाई फोनमध्ये कडाडल्या. "तिसऱ्या वेळी आत सगळं चिकटलेलं असतं, रक्त जातं, महिनाभर धड उठता येत नाही. तुला काय जातंय तारीख घे म्हणायला!"

झालं. सासूबाईंची खात्री पटली की सून कापून घ्यायला निघाली आहे. आईची खात्री पटली की लेक कळा सोसायला निघाली आहे. मग दोघींनी एकमेकींना फोन केला.

"विहीणबाई, तुमच्या लेकीला जरा समजवा हो."

"मी काय समजावणार? तुम्हीच भरवलंय तिच्या डोक्यात. आवरा तुमच्या सुनेला!"

दोघी मिळून अर्धा तास भांडल्या. बाईंचं स्वतःचं मत काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. खरं तर बाईंनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, नवरा कुठे होता? नवरा तिथेच होता. तो चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून "हे बरं दिसतं, की हे?" असं विचारायचं आणि समोरचा म्हणेल ते लिहून घ्यायचं. इतक्या वर्षांत त्याचा स्वभावच तसा झाला होता. भाजी कुठली आणू, पडदे कुठले घेऊ, सिझर की कळा, प्रत्येक प्रश्नावर त्याचं एकच उत्तर, "तू म्हणशील तसं."

ऐकायला किती गोड! आठ महिने ऐकून पाहा.

"अरे, तुला काही वाटतं की नाही?"

"तुझं शरीर आहे. तू म्हणशील तसं."

बाईंनी उशी फेकली. ती त्याने झेलून, झटकून, नीट जागेवर ठेवली. यावर काय भांडणार, कपाळ?

त्या आठवड्यात बाई एका निवृत्त औषधविक्रेत्या काकांना चढावर गाडी शिकवत होत्या. काका दर दहा हातांवर विचारत, "बाई, ब्रेक लावू?" "बाई, वळवू?" "बाई, हॉर्न?" चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली आणि मागे घसरू लागली. मागे केळ्यांची हातगाडी. काका दोन्ही हात वर करून बसले, जणू दरोडा पडलाय. "बाई, आता?"

बाईंनी पोट सावरत ब्रेक दाबला. केळी वाचली.

"काका!" त्या ओरडल्या. "गाडी कोण चालवतंय? मला काय विचारता? रस्त्याकडे बघा आणि आपलं आपण ठरवा!"

काकांनी घाम पुसला. पोटाकडे नजर टाकून मऊ आवाजात विचारलं, "तुमचं ठरलं का हो?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच शिकणाऱ्याने शिक्षकाला ब्रेक लावला होता.

भेटीच्या दिवशी सगळं लटांबर दवाखान्यात हजर. सासूबाई एका खुर्चीत, आई दुसरीत, नवरा दाराशी. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "पहिल्या वेळी दिवसभर कळा येऊनही बाळाचं डोकं खाली उतरलं नाही, मग घाईने सिझर झालं. दुसरं तारीख घेऊन. छेद दोन्ही आडवे, खालच्या बाजूला आहेत. कळा येऊ दिल्या तर नीट सुटका होऊ शकते. पण पहिल्यासारखंच अडू शकतं. वण फाटण्याचा धोका कमी आहे, पण फाटला तर क्षणाचाही उशीर चालत नाही. आमचे भूल देणारे डॉक्टर रात्री घरून येतात, म्हणून त्यासाठी तुम्हाला मोठ्या इस्पितळात जावं लागेल. सिझर केलं तर रक्तस्राव, चिकटलेले भाग, हळूहळू भरून येणं, हे सगळं आहे. बाळाची वार जुन्या वणावर नाही, ही चांगली गोष्ट. मात्र पुढे आणखी मुलं हवी असतील तर दर सिझरला धोका वाढतो."

"आणखी?" आई आणि सासूबाई एकाच सुरात किंचाळल्या. दोघींचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं.

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिलं. "तुम्हाला काय हवंय?"

बाईंनी तोंड उघडलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दोघी चक्क गप्प. खोडून काढायला कुणाचं वाक्यच नव्हतं, त्यामुळे बाईंना स्वतःचंही वाक्य सापडेना. त्या चिडून दाराकडे वळल्या.

"तू बोल. आणि 'तू म्हणशील तसं' म्हणालास, तर हे मूल इथेच होईल!"

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "पहिल्या वेळी दिवसभर तू ओरडत होतीस. मग एकदम पळापळ. माझ्यापुढे कागद ठेवला, सही करा म्हणाले, आणि दार बंद. कुणी काही सांगेना. मला ते दार पुन्हा बघवणार नाही. पण माझ्या भीतीपायी तू पोट कापून घे, असं सांगू तरी कसं?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बाईंनी मात्र टेबलावर हात आपटला.

"आणि हे तू आठ महिने पोटात ठेवलंस? पोटात ठेवायचं काम माझं की तुझं?"

ओरडून झालं आणि बाई एकदम थबकल्या. त्यांना सुरीची भीती नव्हतीच. कळांचीही नव्हती. भीती होती ती त्याच पळापळीची. कुणी काही न सांगता आपली गाडी दुसऱ्यानेच भलत्या रस्त्याला वळवण्याची.

"तारीख द्या," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "पण हा माझ्या उशाशी बसेल, बाहेर नाही. काय करताय ते करताना मला सांगायचं. आणि बाळ रडलं की आधी माझ्या छातीवर."

"तुमची आणि बाळाची तब्येत ठीक असेल तर जरूर. तारखेआधी कळा सुरू झाल्या तर लगेच या. तेव्हाची स्थिती बघून पुन्हा बोलू."

"मी म्हणतच होते!" आई उजळली.

"तू म्हणालीस म्हणून नाही!" बाई कडाडल्या. सासूबाई पुटपुटल्या, "पाच केली मी, पाच..." पण घरी गेल्यावर महिनाभराच्या धुण्याची जबाबदारी त्यांनीच घेतली. अनुभव दांडगा होता.

ठरलेल्या दिवशी नवरा हिरवी टोपी घालून उशाशी बसला. तोंडावरच्या मास्कमुळे त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. डॉक्टरीणबाई प्रत्येक पायरी सांगत होत्या. आत चिकटलेलं होतं, म्हणून वेळ जास्त लागला, पण तेही सांगून लागला. मग एक खणखणीत टाहो ऐकू आला. आवाज सरळ ब्रेकबाईंवर गेला होता. मुलगी. थोड्याच वेळात ती बाईंच्या छातीवर होती, चिकट, लाल आणि संतापलेली.

"मला काही दिसत नाहीये," नवरा रडत म्हणाला. आयुष्यभर लोकांना बघायला शिकवलं, आणि ऐन वेळी हे!

"नाव काय ठेवायचं?" बाईंनी विचारलं.

"तू म्हण..." तो थांबला. घसा खाकरला. "मला एक सुचलंय."

आणि त्याने नाव सांगितलं. ते इतकं भयंकर होतं की इथे लिहवत नाही. नर्सच्या हातातला कापूस खाली पडला.

"हे कसलं रे नाव?" पोटाला टाके पडत असताना ब्रेकबाई कडाडल्या. "तुला कुणी मत विचारलं होतं?"

"तूच," नवरा म्हणाला, आणि दहा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच अडून बसला.