नीलूला मी आधीच हरवून बसलो

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

आमची धाकटी लेक नीलू स्कॉटलंडमध्ये नगरपरिषदेच्या निवडणुकीला उभी होती. जागा तीन, उमेदवार सहा. इथे शारजात आम्ही सगळे फोनवर निकाल बघत होतो. पहिल्या मोजणीत नीलू चौथी. मी लगेच तिला मेसेज केला, "हरलीस तर हरलीस, बाळा. घरी ये."

नात ओरडली, "आजोबा, वेट! इट्स नॉट ओव्हर!"

मग तिने समजावलं. तिथले लोक एकच शिक्का मारत नाहीत, पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहितात. शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं दुसऱ्या पसंतीच्या माणसाला जातात.

अशी मतं जमत जमत नीलू निवडून आली!

आमची ही म्हणाली, "तुम्ही लग्नातसुद्धा मंगलाष्टकं संपायच्या आधीच अक्षता टाकून मोकळे होता."

परक्या मुलखात, ज्यांची ती पहिली पसंती नव्हती, त्यांनीही तिला दुसरी मानलं. मी बाप असून मोजणी संपेपर्यंत थांबलो नाही.

तिने मेसेज वाचलाय, पण उत्तर नाही. फोनही उचलत नाही. रागावली असेल का? कोणाशी बोलली असेल तर लवकर कळवा.